दिवसातून तीनदा माफी

बेंगळुरातल्या के. आर. पुरमच्या बाजारामागे पत्र्याच्या छपराखाली एक व्हिडिओ पार्लर होतं. आत पन्नास माणसांना पुरतील एवढी बाकं, समोर टेबलावर मोठा टीव्ही, खाली व्हीसीआर. १९९२ पासून पुढची चार वर्षं शनिवारी आणि रविवारी तिथे दिवसाला तीन खेळ व्हायचे: अकराला, दोनला आणि पाचला. चित्रपट बहुतेक एकाच घराण्याचे. एक गुरू, दोन शिष्य, डोंगरावरचा आश्रम, हजार पायऱ्या, पाण्याचे हंडे, मग वैर, मग बदला. टेप शिवाजीनगरहून भाड्याने यायच्या. भाषा चिनी. खाली पांढरी अक्षरं यायची तीही कधी चिनी, कधी इंग्रजी, आणि वाचायच्या आत पुसून जायची.

म्हणून मालकाने टीव्हीशेजारी एक स्टूल ठेवून त्यावर हणमंतराव मोहित्यांना बसवलं आणि त्यांच्या हातात माइक दिला.

हणमंतराव रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये खलाशी, म्हणजे मदतनीस कामगार होते. आमच्या मागच्या गल्लीत राहायचे. मी त्यांना अण्णा म्हणायचो, त्यांच्या बायकोला सुनंदाअक्का. आमच्यासारखंच त्यांचंही घराणं किती पिढ्यांपूर्वी बेंगळुरात आलं हे कोणालाच नीट सांगता येत नसे. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. अण्णांना चिनी येत नव्हतं आणि इंग्रजीही फलाटावरच्या पाट्यांपुरतंच. शुक्रवारी दुपारी ते आलेली टेप एकदा आवाज बंद करून बघायचे. शनिवारी अकरा वाजता पडद्यावरच्या सगळ्यांच्या तोंडी कन्नडमध्ये संवाद घालायचे. गुरूचा आवाज खालचा, शिष्याचा मोकळा, दुष्टाचा नाकातून. नायकाचं नाव मुनियप्पा, खलनायकाचं चंगलराया. चित्रपट कुठलाही असो, नावं तीच.

"अण्णा, हा कालच्या पिक्चरमध्ये मेला होता ना?" बाकांवरून कोणीतरी ओरडायचं.

"तो याचा धाकटा भाऊ. बस खाली," अण्णा माइकवरूनच सांगायचे, आणि गोष्ट पुढे चालू.

मी तेव्हा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा संपवून टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात लागलो होतो. पार्लरचा अॅम्प्लिफायर कुईकुई करायचा म्हणून मालकाने मला बोलावलं. खरी अडचण वेगळीच होती. अण्णा बोलत असताना टेपवरचे चिनी संवादही चालू राहायचे, आणि टेपचा आवाज बंद करावा तर मारामारीचे धपाधप आवाज जायचे. लोकांना तर तेच हवे असत. मी एका लाकडी फळीवर पायाने दाबायचा स्विच बसवला. पाय दाबला की टेपचा आवाज बंद आणि माइक सुरू. पाय उचलला की टेपचा आवाज परत. अण्णांनी अर्ध्या तासात तो पाय असा बसवला की मुनियप्पाचं वाक्य संपायला आणि त्याची लाथ छातीवर आदळायला एकच क्षण लागायचा. मी त्यांना म्हटलं, हे शिकायला मला महिना लागला असता. ते म्हणाले, "समोरच्याचं अंग कधी हलणार, हे बघायची सवय आहे."

अण्णा तरुणपणी पैलवान होते हे मला तोपर्यंत नुसतं ऐकून माहीत होतं.

ते खरे खुलायचे ते शिकवणीच्या प्रसंगात. इतर पार्लरांत ही रीळ पुढे पळवत, कारण अर्धा तास एक माणूस नुसता पाणी भरतो, लाकडं फोडतो, एका पायावर उभा राहतो. अण्णा ती कधीच पळवू देत नसत. पडद्यावर पांढऱ्या दाढीचा गुरू काठीने शिष्याच्या पोटरीवर मारी आणि अण्णा त्याच्या तोंडून बोलत. "आधी पडायला शीक. पाडायला कोणालाही येतं." "आज शंभर बैठका मारल्यास. मला नको सांगू, उद्या सकाळी पायऱ्या उतरताना तुझ्या मांड्यांना विचार." "खुराक पोटात जातो, ताकद डोक्यात जाऊ देऊ नकोस." भाजीवाले, हमाल, कारखान्यातले कंत्राटी कामगार मान हलवत ऐकत. पार्लरच्या मागे रिकामी जागा होती, तिथे पाच-सहा तरुण रोज सकाळी जोर मारू लागले होते. कराटेचा पांढरा पोशाख त्यांना परवडत नव्हता, आणि शिकवायलाही कोणी नव्हतं. ते अण्णांची वाक्यं पाठ करून व्यायाम करायचे.

एक गोष्ट मला खटकायची. हे चित्रपट जवळजवळ सगळे एकाच जागी संपत. दोघे गुरुबंधू समोरासमोर येतात, ज्याने दगा दिलेला असतो तो मरतो, दुसरा रक्ताळलेली मूठ घेऊन उभा राहतो, आणि पडद्यावर अक्षरं येतात. अण्णांच्या पार्लरमध्ये मात्र चंगलराया मरायच्या आधी बोलायचा. "चूक माझी होती, मुनियप्पा." आणि मुनियप्पा उत्तर द्यायचा. "झालं गेलं. माझ्या मनात काही नाही. चल, गुरुजींच्या पाया पडू." मग चंगलराया प्राण सोडायचा. सुरुवातीला लोक हसले होते. पुढे सवय झाली. काही जण तर तेवढ्यासाठी थांबायचे.

पण मुनियप्पाचं तोंड मिटलेलंच असायचं. जवळून काढलेलं दृश्य, ओठ घट्ट, आणि आमच्या स्पीकरमधून लांबलचक माफी.

एकदा माइकची वायर बदलता बदलता मी म्हटलं, "अण्णा, शेवटी त्याचं तोंड हलत नाही आणि तुम्ही बोलता."

"मनात बोलतो तो."

"मग आपल्याला ऐकू कसं येतं?"

त्यांनी माइक माझ्या हातात दिला. मग म्हणाले, "तू वायर बघ."

सगळं मला सांगितलं ते सुनंदाअक्कांनी, त्यांच्या घरचा मिक्सर दुरुस्त करायला गेलो तेव्हा. पेटेत, म्हणजे जुन्या बेंगळुरात, कापडबाजारापासून दोन गल्ल्या आत, एक तालीम आहे. आम्ही लोक तिला इथल्यासारखं गरडी म्हणतो. अण्णा आणि आप्पाजी बाबर, दोघे तिथे एकाच वस्तादांच्या हाताखाली दहा वर्षं वाढले. एका ताटात जेवायचे, एकमेकांचं अंग रगडायचे. १९७४ साली म्हैसूरच्या दसऱ्याच्या कुस्त्यांना त्या गरडीतून एकच जण पाठवायचा होता. वस्तादांनी दोघांची कुस्ती लावली. सगळी पेट बघायला आली. अर्ध्या तासात निकाल लागेना. झटापटीत दोघे मातीच्या हौद्याच्या कडेला गेले, तेव्हा पंचांनी शिट्टी मारली, म्हणजे सोडा आणि मधे या. आप्पाजींनी अंग ढिलं केलं. त्यांचा पाय अण्णांच्या हातात होता. अण्णांनी तो पिळला.

गुडघ्याचा आवाज बाहेरच्या माणसांनाही ऐकू आला, असं अक्का म्हणाल्या.

"हे म्हणाले, ढोल वाजत होते, शिट्टी ऐकलीच नाही. पंचांनी मानलं. लग्न होऊन मला दोन महिने झाले होते. तेव्हापासून तेच ऐकते आहे, शिट्टी ऐकली नाही, शिट्टी ऐकली नाही. मी कधी विचारलंच नव्हतं."

अण्णा म्हैसूरला गेले. पहिल्याच कुस्तीत चितपट झाले. परत आले तेव्हा वस्तादांनी गरडीच्या दारात त्यांना थांबवलं. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "मातीला पाय लावू नकोस. आप्पाजी हाताला धरून आणील तेव्हा ये." आप्पाजींचा पाय त्यानंतर पुरता कधी वाकला नाही. नऊ वर्षांनी वस्ताद वारले. आता ती अट उठवू शकेल असा एकच माणूस राहिला होता, आणि त्या माणसाशी अण्णा वीस वर्षांत एक शब्द बोलले नव्हते.

आमच्याकडे दसऱ्याच्या आधीच्या रविवारी गरडीचा हौदा उकरतात. जुनी माती वर काढायची, चाळायची, तिच्यात ताक, हळद, लिंबू, तेल, कडुनिंबाचा पाला मिसळायचा आणि परत भरायची. त्या दिवशी जुने-नवे सगळे शिष्य येतात. साठीचे लोकही लंगोट लावून मातीत उतरतात. अण्णाही दर वर्षी त्या दिवशी आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून निघायचे. पुरमहून गाडीने सिटी स्टेशनला उतरायचे, चालत पेटेत जायचे, गल्लीच्या तोंडाशी उभे राहायचे आणि परत यायचे. पार्लर सुरू झाल्यावरही तो एक रविवार त्यांनी मालकाकडून सुटी म्हणून मागून घेतला होता.

"त्या रात्री जेवत नाहीत," अक्का म्हणाल्या. "दुसरं काही नको त्यांना. एकदा त्या मातीत उभं राहायचंय."

मी एकदा धीर करून अण्णांना म्हटलं होतं, "आप्पाजींना जाऊन विचारा की."

"काय विचारू? मला काय पाहिजे ते त्याला माहीत आहे."

"मग तुम्हाला त्यांना काय सांगायचंय?"

"मी सांगतोच की," ते म्हणाले. "शनिवार-रविवार."

१९९४ च्या ऑगस्टमध्ये पार्लरमागे जोर मारणाऱ्यांपैकी एक जण, अनिलकुमार, पेटेतल्या त्या गरडीत जायला लागला. तो कापडाच्या गोदामात हमाली करायचा, गरडी जवळ पडायची. तिथे एका नव्या पोराबरोबर बैठका मारताना तो त्याला म्हणाला, "मला नको सांगू, उद्या सकाळी पायऱ्या उतरताना तुझ्या मांड्यांना विचार." बाकावर पाय लांब करून आप्पाजी बसले होते. त्यांनी विचारलं, हे तुला कोणी सांगितलं? अनिलकुमारने सगळं सांगितलं. पार्लर, चिनी पिक्चर, मुनियप्पा, चंगलराया, आणि शेवटची माफीही.

पुढच्या रविवारी दोनच्या खेळाला आप्पाजी आले.

मी त्यांना ओळखत नव्हतो. दारात एक ठेंगणे, रुंद खांद्याचे गृहस्थ दिसले, पांढरा सदरा, हातात काठी. ते शेवटच्या बाकाच्या टोकाला बसले आणि डावा पाय त्यांनी वाटेत सरळ सोडला. येणारे-जाणारे तो ओलांडून जात होते. पाय बघून मला कळलं. अण्णांना स्टुलावरून सगळी बाकं दिसायची, पण त्यांची नजर टीव्हीवर होती.

त्या दिवशी अण्णांचा आवाज विशेष लागला होता. शिकवणीचा भाग लांब होता, गुरू आजारी होता आणि अंथरुणावरून शिकवत होता. अण्णांनी त्याला खोकला दिला, धाप दिली. मी मागे वळून बघितलं. आप्पाजी डोळे मिटून ऐकत होते. मधेच त्यांचे ओठ हलले. अण्णांच्या आधी वाक्य ते पुरं करत होते.

शेवटची मारामारी सुरू झाली तेव्हा अण्णांनी नेहमीप्रमाणे प्रेक्षकांकडे मान वळवली, आणि त्यांना तो वाटेत सोडलेला पाय दिसला.

मग पाय आणि त्यामागचा माणूस.

पडद्यावर चंगलराया पडला. अण्णांनी स्विच दाबला. टेपचा आवाज बंद झाला. माइकमधून काहीच येईना. पडद्यावर दोघे एकमेकांकडे बघत होते, आणि पत्र्याखाली पन्नास माणसं बसलेली असून बाहेरच्या बैलगाडीचं चाक ऐकू येत होतं.

"माइक गेला," कोणीतरी म्हणालं.

मी धावत पुढे गेलो. माइक गेला नव्हता. अण्णांच्या श्वासाचा आवाज स्पीकरमधून येत होता. त्यांचा पाय फळीवर दाबलेला होता. "अण्णा," मी हळूच म्हटलं. त्यांनी पाय उचलला. चिनी आवाज परत आला, आणि पहिल्यांदाच आमच्या पार्लरमध्ये एक चित्रपट स्वतःच्या भाषेत संपला. मुनियप्पा एक अक्षर बोलला नाही. लोक कुरकुरत बाहेर गेले.

आप्पाजी बाहेर चहाच्या गाड्यापाशी उभे होते. अण्णा त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. मी तीन हातांवर होतो. जायला हवं होतं, पण गेलो नाही.

"बरा होता पिक्चर," आप्पाजी म्हणाले. "शेवटी गप्प का बसलास?"

अण्णांची नजर त्यांच्या पायावर गेली.

"पोरगा सांगत होता, मी तुला माफ करतो म्हणे. रोज तीनदा."

"रोज नाही. शनिवार-रविवार."

"सरी, बरोबर. मग आठवड्याला सहा." आप्पाजींनी चहाचा ग्लास गाड्यावर ठेवला. "वीस वर्षांत मला एकदा विचारलंस, हणम्या? माझ्या तोंडात तू शब्द घालतोस, आणि तूच ते ऐकून घरी जाऊन झोपतोस."

"झोपत नाही," अण्णा म्हणाले.

"ते मला काय करायचंय?"

चहावाल्याने अण्णांना ग्लास पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. मग आप्पाजी खालच्या आवाजात म्हणाले, "वस्तादांचं सगळं सांगतोस. खोकलासुद्धा त्यांचाच काढलास, मला तिथे बसवेना. पण एक वाक्य सांगत नाहीस. दहा वर्षं रोज सकाळी जे पहिलं सांगायचे, ते. पोराला विचारलं, हे सांगितलं का कधी अण्णाने? नाही म्हणाला."

ते काठी टेकत बसस्टॉपकडे गेले. मी अण्णांना विचारलं, कुठलं वाक्य. ते पार्लरमध्ये जाऊन टेप उलटी फिरवायला लागले. पाचचा खेळ त्यांनी घेतला, पण त्यातही शेवटी पाय उचलून धरला.

त्यानंतरच्या शनिवारपासून त्यांची गोष्ट बदलली. चंगलराया पूर्वीसारखाच बोलायचा, चूक माझी होती म्हणायचा. मुनियप्पा मात्र गप्प. अण्णा पाय उचलायचे, वाऱ्याचा आवाज यायचा, अक्षरं यायची. लोकांना ते मानवेना.

"अण्णा, पुढे? माफ केलं का नाही?"

"मला माहीत नाही," अण्णा माइकवर म्हणाले. "त्याला विचारा."

मालकाने मला बाजूला घेऊन विचारलं, यांना बरं नाही काय? मी म्हटलं, स्वल्प दिवस जाऊ द्या.

ऑक्टोबरात हौदा उकरायचा रविवार आला. सकाळी अण्णा आमच्या दारात उभे. धुतलेलं धोतर, कपाळाला गंध. "विशू, चल माझ्याबरोबर. गल्लीच्या तोंडाशी मी परत फिरायला लागलो तर मला काहीतरी बोल."

"काय बोलू?"

"काहीही. टोचेल असं."

सिटी स्टेशनपासून पेटेपर्यंत त्यांचा चालण्याचा वेग कमी कमी होत गेला. गल्लीच्या तोंडाशी ते थांबले. मी काय बोलावं याचा विचार करत होतो, तेवढ्यात ते चालू लागले.

गरडीचं दार बुटकं आहे, वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. आत तीन पायऱ्या उतरून हौदा. त्या दिवशी हौदा छातीएवढा खोल उकरला होता. पंचवीस-तीस माणसं होती, मातीने माखलेली. काही जण बाहेरच्या कट्ट्याजवळ माती चाळत होते. भिंतीला लागून असलेल्या बाकावर आप्पाजी बसले होते. अण्णांनी चपला काढल्या, दारापर्यंत गेले आणि उंबऱ्याच्या अलीकडे थांबले. आतल्या जुन्या लोकांनी त्यांना ओळखलं. फावडी थांबली.

आप्पाजी उठले नाहीत. "काय पाहिजे?"

मला वाटलं होतं, अण्णा आता त्यांच्या त्या पार्लरच्या आवाजात बोलतील. चंगलरायाचं भाषण त्यांना दोन वर्षं पाठ होतं. पण त्यांचा आवाज बारीक निघाला, मागच्या माणसांना पुढे यावं लागलं.

"शिट्टी मला ऐकू आली होती," ते म्हणाले.

अण्णांनी दाराची चौकट धरली.

"ढोल वाजत होते ते खरं. पण शिट्टी ऐकली. हात सुटतच होते माझे. तेवढ्यात याचा पाय ढिला झालेला हाताला कळला. अर्धा तास तो पाय मला हलवता आला नव्हता. म्हणून पिळला." ते थांबले. "वस्ताद रोज सांगायचे, शिट्टी झाली की अंगातला जोर पाण्यासारखा सांडला पाहिजे, ज्याला सांडता येत नाही तो पैलवान नाही. मी ते कोणाला शिकवलं नाही. तोंडातून निघत नव्हतं."

एक म्हातारे पैलवान खाली बघून हातावरची माती झाडायला लागले. त्या १९७४ च्या कुस्तीचे पंच तेच होते, हे मला नंतर कळलं.

आप्पाजींनी विचारलं, "म्हैसूरला किती वेळ टिकलास?"

"दोन मिनिटं."

"मी गेलो असतो तर?"

"तू कुस्ती मारली असतीस."

"ते तुला काय ठाऊक?"

"अर्धा तास तुझ्या अंगाला लागून होतो," अण्णा म्हणाले. "मला नाही तर कोणाला ठाऊक?"

आप्पाजींनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मी त्यांच्या खांद्यांकडे बघत होतो. अनिलकुमार मला कोपराने ढोसत होता; त्याने एवढे चित्रपट अण्णांच्या तोंडून पाहिले होते की पुढे काय होणार याची त्याला खात्री होती. आप्पाजी उठणार, हाताला धरणार, आत आणणार.

आप्पाजी म्हणाले, "बाहेर चाळणीला माणूस कमी आहे. आत नको. तिथेच बस आणि चाळ."

अण्णा कट्ट्यावर बसले. दुपारपर्यंत माती चाळत राहिले. खडे, काचा, झाडाची मुळं एका बाजूला, मऊ माती दुसऱ्या बाजूला. चाळलेली माती घमेल्यातून आत जायची, आणि ती नेणाऱ्या पोरांकडे ते बघायचे. मीही थोडा वेळ चाळली. हात भरून आले. निघताना कोणी त्यांना ये म्हणालं नाही, कोणी जा म्हणालं नाही. गाडीत बसल्यावर त्यांनी डब्यातली भाकरी काढली आणि मला अर्धी दिली.

पुढच्या वर्षी अनिलकुमार निरोप घेऊन आला: सकाळी सातला या, गेल्या वर्षी उशीर केलात असं आप्पाजी म्हणाले. अण्णा साडेसहाला जाऊन कट्ट्यावर बसले. त्याही वर्षी ते आत गेले नाहीत. पण जेवणाच्या वेळी आप्पाजी काठी टेकत बाहेर आले आणि त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसले. दोघे पेटेतल्या कोणाकोणाबद्दल बोलले. कोण वारलं, कोणाचं दुकान गेलं. गुडघ्याबद्दल नाही, म्हैसूरबद्दल नाही.

१९९६ पर्यंत घरोघरी केबल आली होती. तेच चित्रपट दूरदर्शनसंचावर हिंदीत दिसू लागले, आणि मुनियप्पाला वेगळंच नाव आहे हे लोकांना कळलं. पार्लरची बाकं रिकामी राहायला लागली, जूनमध्ये मालकाने टाळं लावलं. मी अॅम्प्लिफायर घरी घेऊन आलो. अण्णांना त्याचं फार वाटलेलं दिसलं नाही. शेडमधून सुटल्यावर ते पार्लरमागच्या जागेत तरुणांना शिकवायचे, आणि शिट्टीचं वाक्य पहिलं सांगायचे.

त्या ऑक्टोबरात मीही गेलो होतो. माती चाळून झाली, हौदा भरला, वरून हळद टाकली. पूजेसाठी आप्पाजींना हौद्यात उतरावं लागतं. वस्तादांच्या मागे तो मान त्यांचा आहे. डावा पाय वाकत नसल्याने तीन पायऱ्या त्यांना एकट्याने जमत नाहीत. दर वर्षी दोन तरुण दोन्ही बाजूंनी धरतात. त्या दिवशी ते पुढे झाले तेव्हा आप्पाजींनी त्यांना काठीने दूर केलं आणि दाराकडे वळून हाक मारली.

"हणम्या, धर. उतरायचं आहे."

अण्णा कट्ट्यावर उभे होते, हात मातीने भरलेले. "मी?"

"गुडघा कोणी मोडला?" आप्पाजी म्हणाले.

अण्णा वाकून आत आले. आप्पाजींनी आपला सगळा भार त्यांच्या हातावर टाकला, आणि दोघे एकेक पायरी थांबत थांबत खाली मातीत उतरले.